काटकसर कुणाच्या जिवावर?

सातवा महिना लागला की मध्यमवर्गीय घरात दोन याद्या तयार होतात. एक आणायच्या वस्तूंची, दुसरी कमी करायच्या खर्चांची. दोन्ही प्रेमापोटीच होतात, पण त्या शेजारी शेजारी ठेवून वाचायला कुणाला सवड नसते. ती सवड काढावी म्हणून हा संवाद मांडला आहे.

धायरीत भाड्यानं राहणारं एक जोडपं. तो नऱ्ह्यातल्या एका कारखान्यात हिशेब बघतो, पगार हातात ४६,०००. ती एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात नकाशे काढते, पगार ३४,०००. पहिलीच वेळ. त्याची मावशी महापालिकेच्या प्रसूतिगृहातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेली, रविवारी जेवायला आली आहे. माणसं मी कल्पिलेली आहेत आणि घरातले आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत; वाद मात्र कल्पित नाही. पुण्याच्या उपनगरांत तो घरोघरी चालतो, आणि बहुतेक वेळा जिच्या पोटात बाळ आहे तिला न विचारताच मिटवला जातो.

भाचा : मावशी, हे बघ. दरमहा ८,७०० वाचवायचं जमवलंय. पोळ्यांच्या बाई बंद, ३,०००. हिची संध्याकाळची रिक्षा बंद, पीएमपीनं यायचं, २,२००. दूध आणि फळं जरा आटोक्यात, १,५००. बाहेरचं खाणं आणि सिनेमा, १,५००. एसी लावायचा नाही, ५००. बाळंतपणाला तीन महिने आहेत, म्हणजे २६,१०० झाले.

मावशी : आणि ही दुसरी यादी?

भाचा : ती आणायच्या गोष्टींची. डोहाळजेवणाचा हॉल आणि फोटो, ४५,०००. बाबागाडी, पाळणा, खोलीची सजावट, ३५,०००. नाळेतलं रक्त साठवायचं, स्टेम सेलसाठी, ६०,०००.

मावशी : एक लाख चाळीस हजार. बँकेत किती आहेत?

भाचा : दीड लाख.

मावशी : म्हणजे सव्वीस हजारांसाठी हिला सातव्या महिन्यात बसच्या दांडीला लटकवायचं आणि बँक रिकामी करायची ती फोटोंना?

भाचा : फोटोंना नाही, बाळाला. आम्ही दोघं तीन महिने कळ काढू. आईनं माझ्या वेळी काय कमी काढली?

मावशी : काढली. मी होते ना तिथं. नवव्या महिन्यापर्यंत दोन मजले पाण्याच्या बादल्या वाहत होती. तू झालास तेव्हा सव्वादोन किलोचा होतास. अडीच किलोच्या खाली गेलं की बाळाचं वजन कमी आहे असं आम्ही कागदावर लिहायचो. तुझ्याही कागदावर लिहिलं होतं.

इथं भाच्याची बाजू समजून घ्यायला हवी. तो कंजूष नाही. बाळासाठी म्हणून जे दुकानात मिळतं ते त्याला खर्च वाटत नाही, आणि रोजच्या जेवणातलं दूध मात्र खर्च वाटतं. कारण दूध रोज संपतं, त्याची पावती जपून ठेवता येत नाही, आणि ते प्यायल्याचा फोटो काढून कुणाला पाठवता येत नाही. आपल्यापैकी बहुतेकांची नजर अशीच झाली आहे.

भाचा : मी काही हिला उपाशी ठेवत नाही. दीड लिटरचं एक लिटर केलं. आणि ही बघ, गरोदर बायकांसाठीची पावडर आणलीये. सातशे रुपयांचा डबा.

मावशी : डब्यावरचं बारीक अक्षर वाच. पहिल्या दोन-तीन नावांत साखर असेल तर तू सातशे रुपयांची साखर आणलीस. अरे, पोटुशीला शेवटच्या तिमाहीत रोज वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं जास्त लागतात. हैदराबादच्या पोषण संस्थेनंच तसं सांगितलंय. उष्मांक साडेतीनशे जास्त, आणि बाळ अंगावर पीत असताना तर पहिले सहा महिने सहाशे जास्त. तू जे अर्धा लिटर दूध कमी केलंस ना, त्यातच सोळा-सतरा ग्रॅम प्रथिनं होती. दोन अंडी, मूठभर शेंगदाणे, मोड आलेली मटकी, वाटीभर घट्ट दही, याला सातशे रुपयांचा डबा लागत नाही. हिचं एचबी किती आहे?

भाचा : १०.२ होतं मागच्या वेळी.

मावशी : अकराच्या खाली म्हणजे रक्त कमी. आपल्या देशात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांचं असंच आहे, २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत ५२ टक्के निघाल्या होत्या. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, तिथून आण. चहाबरोबर घ्यायच्या नाहीत आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नाहीत, लिंबाच्या सरबताबरोबर घे म्हणावं. नाचणी आण, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम देते आणि तुझ्या पावडरीच्या मानानं फुकटच. स्वयंपाकघरात स्वस्त पडेल असं पुष्कळ आहे. पण त्यासाठी ताट बदलायचं, उणं करायचं नाही.

भाचा : बरं, दूध परत दीड लिटर. पण पोळ्यांच्या बाईंचं काय? आम्ही दोघंच तर आहोत. दहा-बारा पोळ्या.

मावशी : तुम्ही दोघं म्हणजे त्या पोळ्या कोण लाटणार?

भाचा : म्हणजे... ती. मीही मदत करीनच.

मावशी : किती वाजता येतोस?

भाचा : साडेआठ.

मावशी : आणि ती साडेसहाला. दिवसभर खुर्चीवर बसून पाय सुजलेले, बसमधून उभ्यानं आलेली. तुझ्या वहीत तीन हजार वाचले असं दिसतंय. ते वाचले नाहीत, तिच्या कंबरेवर गेले. आणि बाईंच्या घरचं बघ. त्यांच्या सुनेलाही पहिलंच आहे. त्या घरातून तू तीन हजार काढून घेतोयस. तिला निदान मातृवंदना योजनेचा फॉर्म तरी भरून दे. पहिल्या बाळासाठी पाच हजार मिळतात, दोन हप्त्यांत. नोंद करून तपासणी झाली की तीन, बाळाचा जन्मदाखला आणि पहिल्या लसी झाल्या की दोन. अंगणवाडीताई भरून घेतात.

भाचा : आपल्याला नाही मिळणार?

मावशी : तुमचं उत्पन्न आठ लाखांच्या वर गेलं. आणि हिला पगारी रजा आहे. त्या योजना ज्यांच्यासाठी आहेत त्यांना मिळू देत.

माझ्या मते सगळ्या विषयाची गाठ इथं आहे. घरातला खर्च कमी होतो तेव्हा काम कमी होत नाही. तयार पोळी बंद झाली की ती कुणीतरी लाटते. डायपर बंद झाले की लंगोट कुणीतरी धुते. रिक्षा बंद झाली की कुणीतरी थांब्यावर उभी राहते. ज्याच्या हातात वही असते त्याला आकडा खाली आलेला दिसतो, आणि ज्या अंगावर काम येतं ते अंग वहीत नसतं. म्हणून बाळ येण्याआधीच्या काटकसरीला माझा एकच प्रश्न आहे : हे वाचलेले पैसे कुणाच्या अंगातून येताहेत? उत्तर आईच्या अंगातून असं आलं, तर ती ओळ खोडायची. मग वाचवायचं कुठून, हा भाच्याचा प्रश्न उरतोच, आणि तो रास्त आहे.

भाचा : तू एकेक ओळ खोडत चाललीस. मग पैसे यायचे कुठून? दवाखान्यात नाव घातलंय तिथं नॉर्मलचे साठ आणि सिझरचे एक लाख सांगितलेत. माझ्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये बाळंतपणाची मर्यादा पन्नास हजार आहे. नवीन पॉलिसी घ्यावी म्हटलं तर बाळंतपणाला प्रतीक्षेचा काळ असतो, बहुतेक ठिकाणी वर्षांत मोजण्याइतका. आता घेऊन या बाळंतपणाला उपयोग नाही. मी घाबरून यादी केली, मावशी. हौस म्हणून नाही केली.

मावशी : घाबरलास ते बरोबरच आहे. बाळंतपण हा पैशाच्या दृष्टीनं बेभरवशाचाच प्रकार. त्याच राष्ट्रीय पाहणीत खासगी दवाखान्यांतली ४७ टक्के बाळंतपणं सिझरनं झालेली होती, सरकारीत १४ टक्के. त्यातली किती गरजेची हा वेगळा वाद, पण तू हिशेब मात्र सिझरचाच धर. आणि त्यांना एक विचारलंस का, बाळ काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली तर दिवसाला किती, आणि ती सोय त्यांच्याकडेच आहे की दुसरीकडे पाठवतात?

भाचा : नाही विचारलं.

मावशी : ते विचार. घरं कर्जात जातात ती साठ हजारांनी नाही, त्या पेटीच्या बिलानं. कंपनीत विचार की बाळ पहिल्या दिवसापासून पॉलिसीत धरतात का, आणि जन्मल्यावर किती दिवसांत नाव कळवावं लागतं. ते दिवस चुकले तर पॉलिसी असून नसल्यासारखी.

भाचा : म्हणून तर म्हणतो, निदान तीन महिन्यांचा घरखर्च आणि दवाखान्याचं पूर्ण बिल एवढी रक्कम बँकेत सहज काढता येईल अशी हवी. म्युच्युअल फंडात नको, आवर्ती ठेवीत अडकवलेली नको.

मावशी : पटलं. मग त्या रकमेतून स्टेम सेलचे साठ हजार आधी काढ.

भाचा : ते नको म्हणू नकोस. तपासणीला गेलो की तिथं माणूस बसलेला असतो. पुढं बाळाला रक्ताचा आजार झाला आणि आपण साठवलेलं नसलं, तर आयुष्यभर मनाला लागून राहील.

मावशी : त्यांची सगळी विक्री याच भीतीवर चालते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं आणि बालरोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेनं दोघांनी सांगून ठेवलंय की स्वतःच्या पुढच्या आयुष्यासाठी विमा म्हणून नाळेचं रक्त खासगी पेढीत ठेवण्याला शास्त्रीय आधार नाही. आजार जन्मजात असला, तर साठवलेल्या पेशींतही तोच दोष असतो. त्या घालून काय उपयोग? घरात मोठं भावंड आजारी असेल आणि त्याला प्रत्यारोपणाची गरज असेल, तर गोष्ट वेगळी. तुमचं तर पहिलंच आहे.

भाचा : डॉक्टरांना विचारतो.

मावशी : विचार. पण त्या टेबलावर बसलेल्या माणसाला नाही, डॉक्टरांना.

एवढ्यात भाचेसून ताटं घेऊन आली आणि बसली. आतापर्यंत तिच्याबद्दल बोलणं चाललं होतं, तिच्याशी नाही.

मावशी : अगं, तू सांग. तुला काय वाटतं?

भाचेसून : मला वाटतं, मावशी, तुम्हीही एका ठिकाणी चुकताय. मघाशी आत तुम्ही मला म्हणालात डायपरवर पैसे घालवू नका, जुन्या साड्यांची दुपटी आणि लंगोट शिवा.

मावशी : हो मग. तान्हं बाळ दिवसाला आठ-दहा वेळा ओलं करतं. एक डायपर दहा-बारा रुपयांना धरला तरी महिन्याला तीन हजार. आपल्याकडे कित्येक घरांत पहिले दिवस बाळाला नवं घालतच नाहीत, कुणाच्या तरी घरून उसनं झबलं आणतात. वापरून मऊ झालेलं सुती कापड बाळाला टोचत नाही. यात जुनाट काही नाही.

भाचेसून : कापडाबद्दल म्हणत नाहीये मी. ते मलाही आवडेल. पण ते धुणार कोण? माझी तारीख जुलैमधली. पुण्यात जुलैत आठ दिवस ऊन दिसत नाही. वीस लंगोट, दहा दुपटी रोज. तुम्ही यांना पोळ्यांचं ऐकवलंत, आणि लंगोट मात्र माझ्या गळ्यात घातलेत.

मावशी काही बोलली नाही. तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाळांची दुपटी बदलली होती आणि धुणारी बाई प्रसूतिगृहात वेगळी होती.

मावशी : खरं आहे तुझं. दिवसा लंगोट, रात्री आणि बाहेर जाताना डायपर. आणि भांडी घासणाऱ्या बाईंना आणखी हजार देऊन दुपटी धुवायला सांगायची. तेवढं धर वहीत.

भाचा : म्हणजे खर्च वाढलाच.

भाचेसून : वाढू दे. आता मी एक विचारू? गाडीचा हप्ता तुझ्या यादीत का नाही?

भाचा : गाडीचा?

भाचेसून : ११,५००. सोसायटीत पार्किंगचे वेगळे. रविवारी निघते, आणि गणपतीला गावी जाताना. तू कामाला दुचाकीनं जातोस, मी रिक्षानं. तू माझी रिक्षा, माझं दूध, माझ्या पोळ्या, सगळं मिळून ८,७०० कापलेस. एकट्या गाडीचा हप्ता त्याहून जास्त आहे.

भाचा : आत्ता विकली तर कर्ज फेडून हातात चाळीस-पन्नास हजारही राहणार नाहीत. तोट्यात जाईल. आणि रात्री कळा सुरू झाल्या तर?

मावशी : १०८ आहे. गरोदर बाईसाठी १०२ ही आहे. आणि कळा सुरू झालेल्या बायकोला मागं बसवून तू गाडी चालवणार? माझ्या नोकरीत असे घाबरलेले नवरे मी पुष्कळ पाहिले, त्यांच्या हातात स्टिअरिंग देऊ नये.

भाचेसून : हातात काही नाही राहिलं तरी चालेल. दर महिन्याला साडेअकरा हजार सुटतील. मी रजेवर असेन, पुढं बाळाला सांभाळायला कुणीतरी ठेवावी लागेल, तेव्हाही सुटतील. एसी महिनाभर बंद ठेवून पाचशे मिळतात, आणि त्यात मला झोप लागत नाही.

हा हिशेब मला फार मोलाचा वाटतो. काटकसर म्हटलं की आपला हात आधी लहान आणि लवचीक खर्चांवर पडतो : दूध, भाजी, रिक्षा, वर्तमानपत्र. ते आपल्या हातात असतात म्हणून. हप्ते, घरभाडं, वर्गण्या दर महिन्याला आपोआप खात्यातून जातात आणि डोळ्यांसमोर येत नाहीत. पण बाळ आल्यावर घराला सगळ्यात जास्त जाच त्यांचाच होतो, कारण पगार निम्म्यावर आला तरी हप्ता निम्म्यावर येत नाही. ज्यांना बाळाच्या आधी एकच गोष्ट करायला वेळ आहे, त्यांनी बँकेचं विवरण काढून आपोआप जाणाऱ्या रकमांखाली रेघा ओढाव्यात. किराणा दुकानाचं बिल नंतर बघता येईल.

भाचा : तुझ्या रजेचं काय पण? तुझ्या ऑफिसात तीनच महिने देतात म्हणालीस. पुढचे तीन महिने बिनपगारी. माझी सगळी धावपळ त्या खड्ड्यासाठी आहे.

मावशी : तीन महिने कुणी सांगितले?

भाचेसून : सरांनी. म्हणाले, आपलं ऑफिस लहान आहे, आम्ही आपखुशीनं देतो.

मावशी : किती माणसं आहात?

भाचेसून : चौदा.

मावशी : मग आपखुशीचा प्रश्न नाही. प्रसूती लाभाचा कायदा मूळ १९६१ चा, २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसला लागू. सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच तरतूद ठेवली आहे. मागच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलेलं असलं की झालं. त्यातले आठ आठवडे बाळंतपणाच्या आधीही घेता येतात. आणि रजेवर असताना काढून टाकता येत नाही.

भाचा : थांब, थांब. बारा आठवडे आणि सव्वीस आठवडे. चौदा आठवड्यांचा फरक. हिचा पगार चौतीस हजार, आठवड्याला ७,८००च्या वर. म्हणजे एक लाख नऊ हजार.

मावशी : आणि तू अडीच तास बसून सव्वीस हजार शोधले होतेस.

भाचेसून : पण मागायचं कसं, मावशी? सर वाईट नाहीत. लहान ऑफिस आहे, खरंच अडचण होत असेल. मागितलं आणि परत आल्यावर कामच दिलं नाही तर? मला ती नोकरी आवडते.

मावशी : ते मी नाकारत नाही. भीती खरी आहे. पण लेखी दे, गोड शब्दांत दे, तारखा घालून दे. ‘माझी रजा या तारखेपासून या तारखेपर्यंत, प्रसूती लाभाच्या तरतुदीनुसार,’ एवढंच. भांडायचं नाही. लेखी आलं की बहुतेक माणसं आधी कायदा विचारून घेतात. नाहीच म्हणाले तर कामगार कार्यालयात जाता येतं, पण तिथपर्यंत जावं लागू नये.

या ठिकाणी तिची धास्ती मला मावशीच्या आत्मविश्वासापेक्षा जास्त खरी वाटते. लहान ऑफिसात मालक समोरच्या टेबलावर बसतो आणि कायद्याचा कागद त्याच्या हातात देणं सोपं नसतं. सहा महिन्यांचा पगार एकट्या मालकानं सोसायचा, ही रचनाही लहान धंद्यांना जड जाते आणि त्यातून तरुण विवाहित मुलींना नोकरीच न देण्याची वाट काही जण शोधतात. हा दोष रचनेचा आहे आणि त्यावर वेगळं भांडायला हवं. पण म्हणून जिची रजा आहे तिनं ती सोडून द्यायची, आणि घरानं तिच्या दुधातून ती भरून काढायची, हे मला मान्य नाही.

दवाखान्यावरून त्या दुपारी बराच वाद झाला आणि तो मिटला नाही. मावशीचं म्हणणं, नाव कमला नेहरू रुग्णालयात किंवा ससूनला घालावं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझरसुद्धा, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, घरी सोडायची गाडी, कशालाच पैसे लागत नाहीत, आणि बाळ आजारी पडलं तर त्याचेही उपचार मोफत. भाचा म्हणाला, एका खाटेशेजारी दुसरी खाट, नवऱ्याला आत सोडत नाहीत, तिथं तिला भीती वाटेल. मावशी म्हणाली, अडलेल्या बाया खासगीतून शेवटी तिथंच येतात. दोघांचंही खरं होतं. भाचेसुनेनं एवढंच सांगितलं की जिथं तिची तपासणी करणाऱ्या बाई आहेत तिथंच ती जाईल, पण ससूनमध्येही तिचे कागद तयार असतील आणि पेटीची वेळ आली तर कुठं जायचं हे आधी ठरलेलं असेल. लसींबद्दल मात्र तिनं मावशीचं पूर्ण मानलं. बीसीजी, पोलिओ, पाच रोगांवरची एकत्रित लस, रोटाव्हायरस, न्यूमोनियाची, गोवर-रुबेला, हे सगळं महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळतं. खासगीतल्या न दुखणाऱ्या सुईचे हजारो रुपये एका रात्रीचा ताप टाळण्यासाठी जातात.

भाचा : आता माझंही एक ऐक, मावशी. तू बारशाला दीडशे माणसं म्हणतेस, आणि गळ्यात सोन्याची चेन, हातात सोन्याच्या मनगट्या.

मावशी : पहिलं बाळ आहे. माझ्या बहिणीचं नातवंड. ते तरी नको का?

भाचा : चेन तू देणार, ठीक. पण सोन्यावर तीन टक्के जीएसटी, वर घडणावळ. मोडायला गेलो की घडणावळ परत मिळत नाही. तेवढीच रक्कम बाळाच्या नावानं बँकेत ठेव. आणि दीडशे माणसांचं जेवण साठ-सत्तर हजार होतं. डोहाळजेवणाचा हॉल मी सोडतो, घरीच ओटी भरू, ही म्हणेल ते करू. बारशाचं तू सोड.

मावशी : हॉल सोडलास?

भाचा : सोडला. बाबागाडी दादाच्या मुलाची माळ्यावर पडलीये, ती धुऊन घेतो. पाळणा तुझ्या घरचा.

मावशी : पाळण्याच्या दोऱ्या नवीन घाल, त्या कुजल्यात. आणि बारशाचं... चाळीस माणसं. त्याच्या खाली मी येणार नाही.

भाचेसून : मावशी, बारसं बाराव्या दिवशीच करायचं नाही पण. मला टाके असतील, झोप नसेल, दूध नीट सुरू झालेलं नसेल. दीड-दोन महिन्यांनी करू. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची, ती फुकट होते, नाव नंतर घालता येतं.

मावशी : बाराव्याला पाळण्यात घालून नाव ठेवू घरच्या घरी, जेवण नंतर.

भाचेसून : चालेल. आता यादीत एक खर्च घालायचाय.

भाचा : आणखी?

भाचेसून : तुझी रजा. तुझ्या कंपनीत बाप झालेल्याला किती देतात?

भाचा : तीन दिवस. केंद्र सरकारी नोकरीत पंधरा मिळतात, खासगीत कायदाच नाही. माझ्या आठवडाभर रजा शिल्लक आहेत, त्या मी बारशाला ठेवल्यात.

भाचेसून : त्या पहिल्या आठवड्यात घे, आणि वर पंधरा दिवस बिनपगारी. आई येईल माझी, पण तिचे गुडघे दुखतात. रात्री बाळ उठल्यावर मला पाणी द्यायला, दुपटं बदलायला, धरायला कुणीतरी हवं.

भाचा : पंधरा दिवस म्हणजे २३,००० गेले.

भाचेसून : हो. लिही.

भाचा : आणि साहेब काय म्हणतील?

मावशी : जे हिचे सर म्हणतील तेच. दोघंही एकाच दिवशी पत्र द्या.

त्यानं वही पुढं ओढली. स्टेम सेलची ओळ खोडली, तिथंच वर २३,००० लिहिले, आणि समोर काय लिहायचं म्हणून तिला विचारलं. ती म्हणाली, ‘बाप घरी’ असं लिही.